वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवताय? या चुका टाळा

फाइल्स एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग. नुकसान होतं ते साइटला चिकटलेल्या बाकीच्या गोष्टींत. मेल येणं थांबतं, अदलाबदलीच्या काळातल्या ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये राहून जातात. आणि साइट व्यवस्थित उघडत असल्यामुळे हे लक्षात यायलाच दोन-चार दिवस जातात.

नेमसर्व्हर बदलण्याची घाई

नवा होस्ट अनेकदा पहिल्याच मेलमध्ये सांगतो, ‘आमचे नेमसर्व्हर लावा.’ चालू धंद्याच्या साइटसाठी हा सल्ला बहुधा धोक्याचा असतो. नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या नोंदी सांगणारे सर्व्हर. ते बदलले की डोमेनची सगळी डीएनएस यादी (साइट आणि मेल कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदी) नव्या ठिकाणची लागू होते. जुने एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरवर जावी ती नोंद), एसपीएफ (तुमच्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासायची नोंद), सबडोमेन (डोमेनआधी जोडलेली नावं) तुम्ही स्वतः तिकडे उतरवले नसतील, तर ते तिथे नसतातच. शिवाय ‘.कॉम’ डोमेनच्या नेमसर्व्हरची नोंद कॅशेमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण २ दिवस राहू शकते, आणि ती मुदत कमी करणं तुमच्या हातात नाही. काही बिघडलं तर मागे फिरायलाही तेवढाच वेळ लागतो.

त्यापेक्षा नेमसर्व्हर सध्या जुनेच ठेवा आणि फक्त ए रेकॉर्ड (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ती नोंद) नव्या आयपीकडे, म्हणजे नव्या सर्व्हरच्या पत्त्याकडे, वळवा. त्याआधी टीटीएल (नोंद कॅशेमध्ये किती वेळ ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, तेही वेळेत. जुना टीटीएल ८६,४०० असेल, तर ज्या रिझॉल्व्हरने (ग्राहकाच्या वतीने डीएनएस विचारणाऱ्या सर्व्हरने) नुकतंच उत्तर घेतलंय तो पुढचा दिवसभर तेच देत राहणार. म्हणून हा बदल निदान एक दिवस आधी व्हायला हवा. ऐनवेळी टीटीएल कमी करून काही उपयोग नाही.

काही ग्राहकांना नवी साइट दिसते, काहींना जुनी, आणि आठवडा उलटला तरी तसंच चाललंय? मग एएएए रेकॉर्ड बघा. जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी) पत्ता तिथे तसाच राहिलेला असतो आणि आयपीव्ही६ असलेली उपकरणं सहसा आधी तिकडेच जातात. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर तो रेकॉर्ड काढून टाका.

नेमसर्व्हर बदलणं भागच असेल तर डीएनएसएसईसी (डीएनएस नोंदींवरची डिजिटल सही) चालू आहे का, ते आधी पाहा. चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडचा) डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्या सहीची खूण, काढा, त्याचा टीटीएल संपेपर्यंत थांबा (‘.कॉम’ला साधारण एक दिवस), मगच नेमसर्व्हर बदला. जुना डीएस तसाच राहिला तर पडताळणी करणारे रिझॉल्व्हर नव्या नोंदी नाकारतात आणि साइट व मेल दोन्ही गायब होतात. डोमेनचं रजिस्ट्रेशनही याच आठवड्यात दुसरीकडे नेऊ नका. ते वेगळं काम आहे, नंतर करा.

मेलकडे दुर्लक्ष

‘मी फक्त ए रेकॉर्ड बदलला, मेलला हातही लावला नाही, तरी मेल बंद पडली.’ याचं कारण बहुतेक वेळा असं: सीपॅनेलसारखं नियंत्रण पॅनेल असलेल्या होस्टिंगवर एमएक्स अनेकदा मूळ डोमेनच्याच नावाकडे वळवलेला असतो, आणि ‘मेल’ हे सबडोमेनही त्याच नावाचं टोपणनाव असतं. मूळ डोमेनचा आयपी बदलला की मेलही नव्या सर्व्हरवर जाऊन थडकते, जिथे एकही मेलबॉक्स नसतो. उपाय बदलाच्या आधीच करायचा. ‘मेल’ सबडोमेनला स्वतःचा ए रेकॉर्ड द्या, त्यात जुना आयपी ठेवा आणि एमएक्स त्या नावाकडे वळवा.

मेल तिसऱ्याच कंपनीकडे असेल तर खोच वेगळी. साइटवरच्या फॉर्मची मेल बाहेरच्या पत्त्यांवर जाते, पण तुमच्याच डोमेनच्या पत्त्यावर पोहोचत नाही. नवा सर्व्हर हे डोमेन आपल्याकडचंच समजून ती मेल स्वतःजवळ ठेवून घेतो किंवा ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून परत पाठवतो. सीपॅनेलच्या ईमेल राउटिंगमध्ये ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडलं की हे सुटतं.

एसपीएफमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी घाला, पण आहे त्याच ओळीत. एका डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड झाले की तपासणीच चूक ठरते. मेल अजिबात बाहेर जात नसेल तर पोर्ट २५ (सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जाण्याचा मार्ग) बंद आहे का ते होस्टला विचारा. अनेक क्लाउड कंपन्या तो बंदच ठेवतात. पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून पाठवा.

मेलबॉक्सही हलवायचे असतील तर आधी नव्या सर्व्हरवर सगळी खाती उघडा, आयमॅपसिंकने (एका मेलबॉक्समधली मेल दुसऱ्यात उतरवणाऱ्या साधनाने) जुनी मेल आणा, मग एमएक्स बदला आणि दोन-तीन दिवसांनी आयमॅपसिंक पुन्हा एकदा चालवा. मधल्या काळात जुन्या सर्व्हरवर उतरलेली मेल त्या दुसऱ्या फेरीत हाती लागते.

डेटाबेस आणि देवनागरी

मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर एक्स्पोर्ट किंवा इम्पोर्ट करतानाच अक्षरं बहुधा नष्ट झाली आहेत; ती प्रत फेकून द्या आणि डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) पुन्हा घ्या. विचित्र लॅटिन अक्षरांच्या रांगा दिसत असतील तर डेटा बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या कॅरेक्टर सेटने (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीने) वाचला जातोय. दोन्ही टाळण्यासाठी डंप घेताना, इम्पोर्ट करताना आणि साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकच सेट ठेवा. बहुतेक साइटसाठी तो यूटीएफ८एमबी४ असतो. टेबल जुन्या लॅटिन१ सेटमध्ये असतील तर आधी चाचणीच्या प्रतीवर करून पाहा.

एमवायएसक्यूएल ८ या डेटाबेस सॉफ्टवेअरमधून मारियाडीबी या दुसऱ्याच्या जुन्या आवृत्तीत जाताना त्रुटी १२७३ येते, कारण नावात ०९०० असलेलं कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) तिला ओळखता येत नाही. डंपमध्ये त्याजागी युनिकोड ५२० चं कोलेशन घाला. मोठा डेटाबेस पीएचपीमायॲडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून) चढवू नका. अपलोड किंवा वेळेची मर्यादा आली की इम्पोर्ट अर्ध्यात तुटतो आणि अर्धीच टेबल मिळतात. कमांड लाइन वापरा, आणि नंतर टेबलांची व मुख्य नोंदींची संख्या दोन्हीकडे जुळवा.

वर्डप्रेस तात्पुरत्या पत्त्यावर बसवून नंतर डंपमध्ये टेक्स्ट एडिटरने पत्ता बदलणं ही तर फारच महागात पडणारी चूक. तिथल्या कित्येक सेटिंग्जमध्ये मजकुराशेजारी त्याची लांबी लिहिलेली असते. ती जुळली नाही की विजेट आणि थीमची मांडणी उडते. पत्ता बदलायचाच असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनाचा सर्च-रिप्लेस वापरा. त्याहून बरं म्हणजे तात्पुरता पत्ताच नको. स्वतःच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर नवा आयपी लिहा, म्हणजे खऱ्याच पत्त्यावर नवी साइट फक्त तुम्हाला दिसेल. तपासणी झाली की ती ओळ आठवणीने पुसा.

बदलाची वेळ

डीएनएस वळवल्यावरही काही ग्राहक बराच वेळ जुन्याच सर्व्हरवर येत राहतात. तिथे ऑर्डर घेणं चालू असेल तर दोन डेटाबेस तयार होतात, आणि ते नंतर जोडणं फार किचकट. क्रम असा ठेवा: जुनी साइट ५०३ (सेवा तात्पुरती बंद) उत्तर देणाऱ्या देखभाल पानावर टाका, शेवटचा डंप घ्या, आरसिंकने बदललेल्या फाइल्स आणा, नव्या जागी एक चाचणी ऑर्डर करा, मग ए रेकॉर्ड वळवा. जुनी साइट त्यानंतरही बंदच ठेवा.

क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) फाइल्सबरोबर येत नाहीत; ते वेगळे उतरवा, पण नव्या सर्व्हरवर अदलाबदलीनंतरच चालू करा. दोन्हीकडे चालले तर ग्राहकांना एकच बिल दोनदा जातं.

एसएसएलसाठी (सुरक्षित जोडणीसाठी) लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची एचटीटीपी पडताळणी डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्याशिवाय होत नाही. जुनं सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी की सोबत न्या, किंवा डीएनएस पडताळणीने आधीच नवं मिळवा. एचएसटीएस (फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडण्याची सक्ती) लावलेल्या साइटवर ब्राउझर इशारा डावलूही देत नाही, त्यामुळे इथे ढिलाई नको.

मुखपृष्ठ उघडतं पण आतली सगळी पानं ४०४ देतात? मग एचटीॲक्सेस फाइल (अपाचे सर्व्हरचे नियम असलेली) बहुधा राहिली आहे. नाव टिंबाने सुरू होत असल्याने ती लपलेली असते. नवा सर्व्हर एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर असेल तर ती वाचलीच जात नाही. नियम त्याच्या कॉन्फिगमध्ये लिहावे लागतात. पेमेंट गेटवेकडे जुना आयपी नोंदवलेला असेल तर तोही बदलून घ्या.

जुनं खातं लगेच बंद करणं

निदान एक महिना थांबा आणि जुन्या सर्व्हरचा ॲक्सेस लॉग पाहत राहा. तिथे खऱ्या ग्राहकांच्या किंवा गेटवेच्या विनंत्या दिसत असतील तर कुठेतरी जुना आयपी अजून लिहिलेला आहे. आणि तुम्ही फक्त ए रेकॉर्ड बदलला असेल तर डीएनएस अजून जुन्याच होस्टकडे चाललंय हे ध्यानात ठेवा. खातं बंद झालं की ती यादीही जाते, आणि तिच्यासोबत साइट आणि मेल. आधी यादीतला प्रत्येक रेकॉर्ड नव्या डीएनएसमध्ये उतरवा, नेमसर्व्हर बदला, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मेलबॉक्ससकट शेवटचा बॅकअप स्वतःकडे घ्या आणि मग रद्द करण्याचा अर्ज द्या.