आउटबॉक्समधे अडकलेला मेल कसा काढायचा

सावद्याला आमचं केळीचं काम आहे, बिलं-पावत्या मी बघतो. मागच्या सीझनला गाडी दिल्लीकडे निघाली, मी बिल, काटा पावती आणि भरलेल्या मालाचे बारा फोटो एकाच मेलला जोडून सेंड दाबलं नि घरी गेलो. रात्री काकांचा फोन, "मेल गया का रे भो?" म्हटलं गेला ना. पण पार्टीला काहीच मिळालं नव्हतं, तो आउटबॉक्समधेच बसलेला. आता कुणाचं असं झालं तर मी काय करतो ते सांगतो, मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रामचं, जुन्या म्हणजे क्लासिक आउटलुकचं धरून.

आधी खालच्या पट्टीवर बघा. 'वर्किंग ऑफलाइन' दिसलं तर सेंड/रिसीव्ह टॅबमधे जाऊन वर्क ऑफलाइनचं बटण एकदा दाबा, चुकून दाबलं गेलेलं असतं. लाइट जाऊन राउटर बंद पडला असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा.

नेट चालू असेल तर मग फाइल जड आहे का बघा, माझं तेच होतं. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे, पण मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे २० एमबीचे फोटो २५ च्या वर जातात. झिप करून उपयोग नाही, जेपीजी फोटो झिपने फारसे लहान होत नाहीत. फोटो ड्राइव्हवर टाकून लिंक द्या, नाहीतर दोन-तीन मेल करून पाठवा.

पण हा जड मेल आउटबॉक्समधून निघतच नाही, डिलीट केला तर पाठवणं सुरू झालंय असं सांगतो. तेव्हा वर्क ऑफलाइन दाबायचं, आउटलुक बंद करायचं, टास्क मॅनेजरमधे अजून चालू दिसलं तर तिथूनही बंद करायचं, परत उघडायचं आणि मेल ओढून ड्राफ्ट्समधे टाकायचा. डिलीट करू नका. मग फोटो काढून टाका, ऑफलाइन परत काढा नि सेंड करा.

अजून एक, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आउटबॉक्समधे जाण्यासाठी थांबलेल्या मेलचं नाव तिरक्या अक्षरात दिसतं. गेला का बघायला तुम्ही तो उघडला आणि नुसता बंद केला की अक्षरं सरळ होतात, आणि मग तो कितीही वेळ ठेवा, जात नाही. परत उघडून सेंड दाबावंच लागतं.

मेल हलका असूनही जात नसेल आणि सारखा पासवर्ड मागत असेल तर जीमेलवाल्यांनी नेहमीचा पासवर्ड टाकत बसू नये, २०२२ पासून बाहेरच्या प्रोग्रामला तो चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड (अशा बाहेरच्या प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्या, तो टाका. खात्याच्या सेटिंगमधे पाठवायच्या सर्व्हरचा पोर्ट (मेल ज्या वाटेनं जातो तिचा नंबर) २५ असेल तर तो बदलून ५८७ ला स्टार्टटीएलएस किंवा ४६५ ला एसएसएल (हे सुरक्षित जोडणीचे प्रकार) करा, २५ बऱ्याच नेटवाल्यांनी बंद ठेवलेला असतो.

थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्राम वापरत असाल तर त्यात आउटबॉक्स लोकल फोल्डर्सखाली सापडतो, तिथं फाइल मेनूतून 'सेंड अनसेंट मेसेजेस' दाबायचं, ऑफलाइनही तिथंच बघा.

मेल निघाला की सेंटमधे दिसतो का बघा, आणि मगच पार्टीला फोन करून सांगा की पाठवलाय.