प्लेलिस्ट सोडा, नावं पकडा : गॉस्पेल, हिप-हॉप आणि इंडी पॉपचे अल्बम असे शोधा

इंदूरच्या मराठी घरांत कानाला वळण लागलेलंच असतं, अमीर खाँसाहेबांचं नाव कोणी ना कोणी घेतं, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या कार्यक्रमांना आई-बाबांबरोबर जाऊन बसलेलो असतो, त्यामुळे बाहेरचं संगीत आपल्याला जड जाईल हे मला अजिबात पटत नाही. अडतं ते शोधायच्या पद्धतीत. ॲपमध्ये "गॉस्पेल", म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, टाइप केलं की एक लांबलचक प्लेलिस्ट समोर येते, चार गाणी होतात, आणि मग परत आपलं नेहमीचंच सुरू.

म्हणून माझं सांगणं एकच, प्रकाराच्या नावानं शोधू नका, माणसांच्या नावानं शोधा. गायलंय कोणी ते दिसतंच, पण ड्रम कोणाचे, प्रोड्युसर, म्हणजे गाण्याचं संगीत घडवणारा, कोण, मागचा क्वायर, म्हणजे चर्चमधला गाणाऱ्यांचा ताफा, कुठला, कुठल्या जुन्या गाण्याचा तुकडा उचललाय, हे बघा. स्पॉटिफायवर गाण्याशेजारचे तीन ठिपके दाबले की क्रेडिट्स सापडतात, यूट्यूबवर डिस्क्रिप्शन उघडलं की बरेचदा वाजवणाऱ्यांचीही नावं असतात, आणि डिस्कॉग्स नावाच्या साइटवर तर जुन्या रेकॉर्डींच्या कव्हरवर छापलेलं सगळं लोकांनी बसून उतरवून ठेवलंय, ती साइट खरंच सोनं आहे.

गॉस्पेलची सुरुवात अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनच्या "अमेझिंग ग्रेस" पासून करा. जानेवारी 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री समोर लोक बसवून रेकॉर्ड केलेला अल्बम आहे हा. भजनात बुवांनी ओळ टाकली की मागचे ती उचलतात, लय चढत जाते आणि मग थांबायचं कोणाच्याच हातात राहत नाही ना, तेच इथे ऐकू येतं, फरक भाषेचा आणि वाद्यांचा. म्हणून गॉस्पेल घेताना शक्यतो लाइव्ह अल्बमच घ्या, समोरच्या लोकांचे आवाज नसले तर अर्धी मजा गेली. आता यातली नावं पकडा. पियानोवर आणि क्वायर घेऊन उभे आहेत ते रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड, त्यांच्याच नावानं शोधलं की 1963 चा "पीस बी स्टिल" सापडतो, तोही चर्चमध्येच लाइव्ह. ड्रमवर बर्नार्ड पर्डी, बेसवर चक रेनी, या दोघांच्या मागे लागलात तर सोल आणि जॅझचे इतके अल्बम निघतील की महिनाभर दुसरं काही शोधायला नको. एक लक्षात ठेवा, नुसतं "गॉस्पेल" सर्च केलं तर आजकालची गिटारवाली वर्शिप, म्हणजे प्रार्थनेची, गाणी पण त्यातच मिसळून येतात, तीही असोत, पण तुम्हाला हा जुना प्रकार हवा असेल तर सोबत "क्वायर" आणि "लाइव्ह" हे शब्द टाका.

हिप-हॉपमध्ये, म्हणजे तालावर बोलत गायच्या रॅपच्या दुनियेत, तर ही पद्धत जास्तच चालते, कारण हिप-हॉप उभंच जुन्या रेकॉर्डींवर राहिलंय. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीत डीजे कूल हर्कनं रेकॉर्डीतले नुसते ड्रमचे तुकडे लांबवून लोकांना नाचवलं, तिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली असं मानतात. आज हू सॅम्पल्ड नावाच्या साइटवर गाण्याचं नाव टाकलं की त्यात कुठला जुना तुकडा आहे ते कळतं. रॅपर केंड्रिक लमारचा 2015 चा "टू पिम्प अ बटरफ्लाय" घ्या, त्यातल्या "आय" मध्ये आयझली ब्रदर्सचं जुनं गाणं आहे, आणि हे भाऊ सुरुवातीला गॉस्पेलच गायचे. त्याच अल्बममधल्या "हूड पॉलिटिक्स" मध्ये इंडी गायक सुफियान स्टीव्हन्सच्या गाण्याचा तुकडा आहे, तो 2010 च्या "द एज ऑफ ॲडझ" मधला, म्हणजे एका रॅप अल्बममधून एक वाट चर्चकडे निघाली आणि दुसरी थेट इंडीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या संगीतात! सुफियानचाच 2004 चा "सेव्हन स्वान्स" काढलात तर हळू आवाजात, बँजोवर, परत देवाशीच बोलणं चाललंय. मला या तिन्हींतलं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर हेच येणं-जाणं.

केंड्रिकचा हा अल्बम शफलवर लावू नका, प्लीज. त्यात एक कविता आहे जी गाण्यागणिक थोडी थोडी पुढे सरकते आणि शेवटी पूर्ण होते, क्रम मोडला की ती गेलीच. इंग्रजी शब्द निसटत असतील तर जीनियस साइटवर ओळीओळीचा अर्थ वाचत ऐका. आणि चर्च-रॅप एकत्रच हवं असेल तर चान्स द रॅपरचा 2016 चा "कलरिंग बुक", त्यात गॉस्पेलवाले कर्क फ्रँकलिन स्वतः आहेत, मग तिथून त्यांचे अल्बम.

हिंदी-पंजाबीत ऐकायचं असेल तर सेझ ऑन द बीट या प्रोड्युसरचं नाव धरा, सीधे मौतचा "बयान" आणि प्रभ दीपचा "क्लास-सिख" दोन्ही त्याचेच, दोन्ही आझादी रेकॉर्ड्सचे, एकामागोमाग ऐकले की प्रोड्युसर म्हणजे काय ते आपोआप कळतं.

इंडी पॉपमध्ये माणसांइतकंच लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, बघा. छोटी लेबलं एकाच आवडीची लोकं चालवतात, त्यामुळे ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सचा एक बँड आवडला तर बाकीचेही आवडायची खूप शक्यता. सुरुवातीला ग्लासगोच्या बेल अँड सेबॅस्टियनचा 1996 चा "इफ यू आर फीलिंग सिनिस्टर", नाजूक, गोष्टी सांगणारी गाणी, आणि गायक स्टुअर्ट मर्डॉक तेव्हा एका चर्चच्या हॉलची देखभाल करत तिथेच वर राहायचा. आपल्याकडचे म्हणाल तर दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा "बिस्मिल्लाह" आणि कोलकात्याच्या पारेख अँड सिंगचा "ओशन".

पुढचे बँड शोधायला बँडकॅम्प, कलाकार स्वतःच आपले अल्बम विकतात ती साइट. तिथे अल्बमच्या पानावर तो ज्यांनी विकत घेतला त्यांचे छोटे फोटो दिसतात, एकावर टॅप केलं की त्या माणसाचं पूर्ण कलेक्शन उघडतं, तुमचे दोन-तीन आवडते अल्बम ज्याच्याकडे आहेत असा माणूस शोधा आणि त्याचं बाकीचं ऐकत जा. कुठलंही ॲप इतकं नेमकं सुचवत नाही.

ऐकायला महागडं काही लागत नाही, इथल्या जेल रोडच्या दुकानांतले साधे वायरवाले इयरफोनही चालतील, फक्त बेस जरा बरा हवा. राजेंद्र नगरहून विजय नगरला बसनं जाताना एक अल्बम आरामात होतो. पहिल्यांदा नाही भिडला तर त्यातली नावं फोनमध्ये लिहून ठेवा आणि पुढे चला, तेच नाव दुसऱ्या अल्बमवर दिसलं की परत या. आणि जो अल्बम पुन्हा पुन्हा लावताय तो विकत घ्याच, बँडकॅम्प ठरावीक शुक्रवारी स्वतःचा हिस्सा सोडून देतं, 2020 पासून हे चालू आहे, त्या दिवशी घेतलात तर कलाकाराच्या हातात जास्त पैसे पडतात.