डेस्कटॉपमध्ये कस्टम वॉटर कूलिंगचा लूप कसा बसवावा

कॅबिनेट उघडून ग्राफिक्स कार्ड काढता-बसवता येतं आणि थर्मल पेस्ट लावायची सवय आहे, असं धरून चालतो. नसेल तर आधी साधा एअर कूलर दोनदा काढून बसवा, हात बसला की इकडे या. लूप म्हणजे पंपाने ब्लॉक आणि रेडिएटरमधून पाणी गोल फिरवत मशीन गार ठेवणारी नळ्यांची साखळी. स्वतःचे आणि ओळखीपाळखीतल्यांचे मिळून मी आजवर असे बरेच लूप बांधले. माणसं महिनाभर नळीचा रंग ठरवत बसतात आणि पाणी भरायचं काम अर्ध्या तासात उरकतात. बोर्ड जळतात ते त्या अर्ध्या तासापायी. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि पाण्यापाशी थांबतो.

सामान घेताना पहिल्यांदा धातू बघा. प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक, ज्याच्या आतून पाणी वाहतं, तो तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा असतो. त्याच्या जोडीला रेडिएटरही तांबं-पितळेचाच हवा. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा ॲल्युमिनियमचा असतो, आणि ती ओळ वेबसाइटवर अगदी तळाशी लिहिलेली असते. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजत जातं, त्याचा पांढरा चिखल ब्लॉकमध्ये साठतो. ब्लॉकच्या आतल्या खाचा पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्या असतात, त्या तुंबायला फार काही लागत नाही.

रेडिएटर मोठा घ्या. कुठलाही लूप पाण्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात दुपारी पुण्यातली खोली ३६ अंशांवर असेल आणि पाणी त्याहून १० अंश वर राहिलं, तर ते झालं ४६. बहुतेक पंप आणि मऊ नळ्या ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी केलेल्या असतात, म्हणजे हातात फारशी जागा उरत नाही. थंड देशातल्या लोकांचे हिशेब इथे लावू नका. फक्त प्रोसेसर असेल तर ३६० मिलिमीटरचा एक, सोबत ग्राफिक्स कार्ड असेल तर तसे दोन, हे माझं ठाम मत. याच कारणामुळे जुलैत मला सगळे जण विचारतात त्या प्रश्नाचं उत्तरही सोपं आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत नळ्यांना घाम येत नाही, कारण पाणी हवेपेक्षा गारच नसतं.

पहिला लूप मऊ नळीचाच करा. १०/१६ मापाची, म्हणजे आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटरची, नळी जाड असते, वळवताना चटकन दुमडत नाही. कडक पीईटीजी किंवा ॲक्रिलिकच्या नळ्या सुंदर दिसतात, पण दुसऱ्या खेपेला.

पंखे, वायरी, मल्टिमीटर असलं सामान पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातं. ब्लॉक आणि फिटिंग्ज मात्र ऑनलाइनच मागवावी लागतात, तेव्हा दोन फिटिंग्ज आणि मूठभर ओ-रिंग जास्तीच्या मागवा. आणि एक टी-फिटिंग व छोटा बॉल व्हॉल्व्ह. लूपमधल्या सगळ्यात खालच्या जागी तो लावला नाही, तर पुढच्या वर्षी पाणी काढताना आख्खं कॅबिनेट उलटं करावं लागतं.

पाणी कुठलं? खडकवासल्याचं पाणी प्यायला उत्तम, लूपमध्ये क्षार धरतं. आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरतातच. एसीतून टपकणारं पाणी डिस्टिल्ड असतं हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता रागच येतो. ते पाणी धुळीने माखलेल्या कॉइलवरून वाहत येतं, येताना जंतू आणि घाण दोन्ही आणतं. पारदर्शक तयार कूलंट घ्या, नाहीतर डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारं औषध, बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात. दुधासारखं दिसणारं रंगीत कूलंट मी कुणालाच भरून देत नाही. त्यातले कण कालांतराने खाली बसतात, आणि बसायला त्यांना ब्लॉकच्या खाचा सापडतात.

रेडिएटर नवा असला तरी धुवायचा. आत डाग देताना वापरलेला फ्लक्स उरलेला असतो. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणा, पाणी गरम करा, रेडिएटर अर्धा भरा, दोन्ही तोंडं बंद करून दोन-तीन मिनिटं हलवा आणि पांढऱ्या पातेल्यात ओता. पहिल्या पाण्यात काळे-हिरवट कण तरंगताना दिसतील. पातेलं स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं, मला साधारण चार-पाच वेळा लागतं.

मग जोडणी. ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकसोबत आलेल्या कागदावर थर्मल पॅडची जाडी दिलेली असते, ती तंतोतंत पाळा. पॅड अर्धा मिलिमीटर जास्त जाड झाला तरी चिपला ब्लॉक नीट टेकत नाही. रिझर्व्हायर, म्हणजे पाण्याची छोटी टाकी, पंपाच्या वर हवा, म्हणजे पाणी आपसूक पंपात उतरतं. बाकी क्रम कसाही चालतो. प्रोसेसर आणि कार्ड यांच्या मध्ये रेडिएटर हवाच असा आग्रह धरून नळ्यांचा गुंता करू नका, फिरत्या पाण्याच्या तापमानात लूपभर एक-दोन अंशांचाच फरक असतो.

फिटिंगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. घरच्या नळाची सवय असल्याने हात आपोआप टेपकडे जातो. इथे जी-१/४ मापाचे सरळ आटे असतात, पाणी अडवायचं काम ओ-रिंग करते, आणि टेपचा सुटलेला तुकडा थेट पंपात जातो. पाना-पक्कडही लावायची नाही. बोटांनी घट्ट झालं की थांबा, नाहीतर ओ-रिंग चिरडते किंवा ॲक्रिलिकला तडा जातो. नळी काटकोनात कापा आणि थोडी सैल ठेवा. का, ते आता सांगतो.

पहिल्या लूपच्या वेळी मला एका जाणकाराने सांगितलं होतं, तासभर पंप चालव, थेंब दिसला नाही तर काम झालं. मी तासभर चालवला. थेंब दिसला नाही. सगळ्या वायरी जोडल्या, मशीन सुरू केलं आणि रात्री व्हिडिओ रेंडरला लावून झोपलो. सकाळी स्क्रीन काळी. टॉर्च मारून पाहिलं तर ग्राफिक्स कार्डाच्या फिटिंगखाली एक थेंब लोंबत होता, आणि त्याच्या बरोबर खाली, मदरबोर्डाच्या स्लॉटपाशी, हिरवट डाग. नळी सेंटिमीटरभर आखूड कापली गेली होती आणि फिटिंगला तिरकी ओढत होती. पाणी गार होतं तोवर तिने धरलं. रात्रभराच्या कामाने पाणी तापलं, नळी मऊ पडली आणि कॉलरमधून, म्हणजे फिटिंगवर नळी आवळून धरणाऱ्या कड्यातून, सरकली. बोर्ड गेला. पाण्याने गेलेला बोर्ड वॉरंटीत बसत नाही.

डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही, गळलं तरी बिघडत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बाटलीत आहे तोवर ते खरं. लूपमधून फिरताना ते धातूचे अंश उचलतं, बोर्डावर पडल्यावर तिथल्या धुळीत मिसळतं, आणि मग वीज वाहायला लागते.

तेव्हा पाणी भरताना बोर्डाला वीज मिळताच कामा नये. मदरबोर्डाची २४ पिनची वायर काढा, प्रोसेसरची ८ पिनची काढा, ग्राफिक्स कार्डाच्या काढा. पॉवर सप्लायला फक्त पंप जोडलेला ठेवा. २४ पिनच्या टोकाला जंपर प्लग लावा, म्हणजे पॉवर सप्लाय बोर्डाशिवाय चालू होतो. जुन्या रंगीत वायरींमध्ये हिरवी आणि काळी जोडून हेच करतात, पण हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असतात, अंदाजाने पिना जोडू नका. प्लग स्वस्तात मिळतो. आता पंप चालू-बंद करायचं बटण म्हणजे पॉवर सप्लायच्या मागचा स्विच.

हवेने तपासायचा छोटा पंप आणि गेज मिळालं तर पाणी भरण्याआधी वापरा. साधारण अर्धा बार दाब, अर्धा तास काटा हलता कामा नये. ब्लॉक बनवणाऱ्याने यापेक्षा कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. हे गेज चार मित्रांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं.

प्रत्येक फिटिंगखाली पांढरा टिश्यू पेपर ठेवा. ओला टिश्यू लगेच करडा, पारदर्शक दिसतो, बोट लावायचीही गरज पडत नाही.

भरायला दोन माणसं लागतात. माझ्याकडे भाचा स्विचवर बसतो आणि मी नरसाळं धरतो. रिझर्व्हायर काठोकाठ भरायचा, पंप चालू, दोन-तीन सेकंदांत पाणी सर्रकन खाली जातं, "मामा, थांब!" म्हणत तो स्विच बंद करतो. पुन्हा भरा, पुन्हा दोन सेकंद. रिझर्व्हायरच्या तळाशी पाणी दिसत असतानाच बंद करायचं. पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून हेच पाणी असतं, पंप डी५ प्रकारचा असो की डीडीसी, कोरडा चालला की आतून झिजतो. पाण्यात चालणारा पंप जेमतेम गुणगुणतो. खरखर ऐकू आली तर तो हवा ओढतोय.

पाण्याची पातळी टिकायला लागली की पंप चालू ठेवून हवा काढायची. रिझर्व्हायरचं झाकण किंचित सैल ठेवा. कॅबिनेट हळूहळू पुढे, मागे, डावी-उजवीकडे कलतं करा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा गुडगुड आवाज करत निघते आणि रिझर्व्हायरमध्ये बुडबुड्यांचा ढग उठतो. मग पंप पाच मिनिटं बंद ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या, पुन्हा चालू करा. या कामाला संध्याकाळ लागते, लागू द्या. बारीक बुडबुडे तर पुढचे काही दिवस निघत राहतात, पातळी थोडी उतरते, वरून पाणी घालायचं.

आता २४ तास फक्त पंप चालू. तासाने भागत नाही, हे मी बोर्ड घालवून शिकलो. शनिवारी सकाळी सुरू करा. गुरुवार टाळा, पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक त्याच दिवशी.

टिश्यू कोरडे राहिले तर सगळ्या वायरी जोडा, पण टिश्यू काढू नका. प्रोसेसर आणि कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी लावा आणि दोन तास शेजारी बसून राहा. माझा बोर्ड ज्या टप्प्यावर गेला तो हाच. मशीन बंद करून, नळ्या कोमट असतानाच, प्रत्येक कॉलर बोटांनी पुन्हा आवळा. एखादी तरी पाव फेरा फिरतेच. टिश्यू आठवडाभर राहू द्या.

थेंब सापडलाच तर आधी भिंतीतला प्लग काढा. पाणी काढून ती जोडणी उघडा, ओ-रिंगवर चीर आहे का बघा, नळी आखूड असेल तर नवी कापा. बोर्डावर पडलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दोन दिवस पंख्यासमोर ठेवा. हेअर ड्रायर नको.

पंपाची वेग सांगणारी वायर बोर्डाच्या सीपीयू फॅनच्या जागी लावा, पंप बंद पडला तर बोर्ड इशारा देईल. पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरवा. प्रोसेसरच्या तापमानावर ठेवलात तर तो क्षणाक्षणाला वर-खाली होतो आणि पंखे उगाच भुणभुणत राहतात. रेडिएटरवरची धूळ दर महिन्याला ब्रशने झाडा. रस्त्याचं किंवा मेट्रोचं काम घराजवळ चालू असेल तर दर पंधरा दिवसांनी.

वर्षाने कूलंट बदला. व्हॉल्व्हखाली कॅन धरा आणि आधी रिझर्व्हायरचं झाकण उघडा, वरून हवा शिरल्याशिवाय खालून पाणी उतरत नाही. निघालेलं कूलंट कुंडीत ओतू नका, आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर कॅनचं झाकण लगेच लावा. पुष्कळशा कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि प्राण्यांना विषारी.