बास गिटार वाजवताना उजवा हात भरून यायचा तेव्हा…

जलद गाणं सुरू झालं की दुसऱ्या मिनिटालाच माझा उजवा हात कोपरापर्यंत दगड व्हायचा. वाटायचं, ताकद कमी पडतेय. प्रत्यक्षात मी तारा उपटत होतो! बोट तारेखाली खोल घालायचं आणि मग ते बाहेर काढण्यातच वेळ जायचा.

आधी अॅम्पचा (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा) आवाज वाढवला आणि हात हलका केला. आता बोटाचं फक्त टोक तारेला लागतं आणि शेजारच्या जाड तारेवर जाऊन टेकतं. मनगटही फार मुडपलेलं असायचं. गिटारचा खांद्यावरचा पट्टा थोडा सैल केल्यावर सरळ झालं. (फार सैल केला की डावं मनगट बोंबलतं, तेही भोगून झालंय.)

मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र. ८० बीपीएम (मिनिटाला ८० ठोके), एका ठोक्यात ४ सूर, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, एकाच तारेवर सलग २ मिनिटं. मधल्या बोटाचा सूर कायम दबका यायचा, म्हणून सुरुवातच त्याच्यापासून केली. दोन्ही सूर सारखे ऐकू आले तरच ४ बीपीएम वाढवायचे. दुखलं की थांबायचं, रेटायचं नाही.

जाड तारेकडे येताना बोट न बदलता तेच बोट घसरवायची सवय मात्र अजून मोडलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मोडायचीही नाहीये.