ब्राझीलच्या छोट्या गावात हॉटेल घेताना या चुका टाळा

महाराष्ट्रातून ब्राझीलला जाणाऱ्यांतले बरेचजण रिओचा समुद्र बघायला जात नाहीत. साखर आणि इथेनॉलच्या धंद्यातली माणसं साओ पाउलो राज्यातल्या सेर्तांवझिन्योला जातात. गीर गाईवर जीव असलेले गोपालक मिनास जेराइसमधलं उबेराबा गाठतात, कारण आपल्याकडून गेलेल्या गीर, कांकरेज आणि ओंगोल वंशाचं ब्राझीलमधलं मोठं केंद्र तेच. काही हौशी मंडळी शापादा जियामांचीनाच्या डोंगरात चालायला जातात. या गावांत राहायचं म्हणजे मालक स्वतः काउंटरवर बसतो असं वीस-पंचवीस खोल्यांचं हॉटेल, नाहीतर ‘पोउझादा’, म्हणजे घरगुती लॉज.

मला ही ठिकाणं मनापासून आवडतात. चादर स्वच्छ असते, सकाळची न्याहारी बहुधा भाड्यातच येते, आणि माणसं आपुलकीनं वागतात. तरीही आपले लोक पहिल्या दोन रात्री हैराण होतात. शब्द ओळखीचे वाटतात म्हणून आपण विचारत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो.

पाटीवरचा शब्द आपल्या अर्थानं वाचणं

सगळ्यात आधी ‘मोटेल’. ब्राझीलमध्ये मोटेल म्हणजे जोडप्यांना तासावर खोली देणारी जागा. हमरस्त्याच्या कडेला उंच भिंती आणि खोलीगणिक गाडीसाठी बंद गाळा. रात्री उशिरा पोचलात आणि लाल दिव्याची अशी पाटी दिसली, तर कुटुंबासह आत शिरू नका. राहण्यासाठी हॉटेल, पोउझादा किंवा ‘ओस्तेल’, म्हणजे हॉस्टेल, यांतलंच शोधा.

मग खोलीची नावं. ‘सुईची’ हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांसमोर दिवाणखाना असलेली महागडी खोली येते. तिथं त्याचा अर्थ एवढाच की खोलीला स्वतःचं न्हाणीघर आहे. जुन्या हॉटेलांच्या दरपत्रकात ‘आपार्तामेंतो’ म्हणजे न्हाणीघरासकट खोली आणि नुसतं ‘क्वार्तो’ म्हणजे न्हाणीघर व्हरांड्यात, सगळ्यांचं मिळून. स्वस्त दिसलं म्हणून क्वार्तो घेतला की रात्री टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभं राहावं लागतं. पंखा आणि एसी यांचे दरही वेगळे असतात. ‘व्हेंचिलादोर’ म्हणजे पंखा, नुसतं ‘आर’ म्हटलं की एसी. दोन सहकारी एकत्र जात असाल तर ‘दुआस कामास जी सोल्तेरो’, म्हणजे दोन वेगळे पलंग, असं स्पष्ट सांगा. ‘काझाल’ म्हटलं की डबलबेड मिळेल.

दर कसा सांगितला तेही नीट ऐका. खूप ठिकाणी खोली तीच, पण एकट्याचा भाव वेगळा आणि दोघांचा वेगळा. एकाच्या नावावर खोली घेऊन दोघं राहायला गेलात तर हिशोब बदलणार, आणि त्यात मालकाची लबाडी नसते.

गावाचं कॅलेंडर न बघता तारीख ठरवणं

छोट्या गावांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचं गणित अगदी उलटं चालतं. चिराजेंचिस, पिरेनोपोलिस, पराची अशा पर्यटनाच्या गावांत शुक्रवार-शनिवार भाव चढतो, आणि मंगळवारी तीच खोली बरीच कमी दरात मिळते. शेती आणि कारखान्यांच्या गावांत सोमवार ते गुरुवार कंपन्यांचे विक्रेते, यंत्रं बसवणारे फिटर आणि ट्रॅक्टरवाले यांनी हॉटेलं भरलेली असतात, आणि शनिवारी तिथं शुकशुकाट. आपल्या गावाचा प्रकार ओळखून दिवस बदलता आला तर पैसे सहज वाचतात.

याशिवाय जत्रेचे दिवस. सेर्तांवझिन्योत ऑगस्टमध्ये साखर उद्योगाचं ‘फेनासुक्रो’ प्रदर्शन भरतं, तेव्हा शेजारच्या रिबेरांव प्रेतोमध्येसुद्धा खोली मिळणं मुश्किल. उबेराबात एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत ‘एक्सपोझेबू’ असतं. ईशान्येकडच्या कांपिना ग्रांजी आणि कारुआरू या गावांत जूनभर साओ जुआंवचा, म्हणजे संत जॉनचा, उत्सव. कार्निव्हल आणि ३१ डिसेंबरला तर बरेच पोउझादावाले एक रात्र देतच नाहीत, चार-पाच रात्रींचं ‘पाकोची’, म्हणजे पॅकेज, घ्यावं लागतं. गावाच्या ग्रामदेवतेचा, म्हणजे तिथल्या संताचा, दिवस कुठल्याच प्रवासी साइटवर दिसत नाही. तो हॉटेलात मेसेज करूनच विचारा.

बसस्टँडजवळ म्हणून सोयीचं, असं धरून चालणं

बसस्टँडला तिथं ‘होदोव्हियारिया’ म्हणतात. लिहिताना शब्द र ने सुरू होतो, पण बोलताना ह येतो. हे लक्षात ठेवा, नाहीतर टॅक्सीवाल्याला विचारताना त्याला तो शब्दच कळत नाही. स्टँडसमोरची हॉटेलं स्वस्त असतात, पण रात्रभर बसचे हॉर्न असतात, आणि काही गावांत रात्री तो भाग बरा नसतो. माझा अनुभव असा की गावच्या मुख्य चर्चचा चौक, ज्याला ‘प्रासा दा मात्रिस’ म्हणतात, त्याच्यापासून दोन-तीन गल्ल्या आत राहावं. अगदी चौकावर नको, कारण शनिवारी रात्री डिकीत भलेमोठे स्पीकर लावलेल्या गाड्या तिथंच उभ्या राहतात. आणि खोली घेण्याआधी खिडकी कुठं उघडते ते बघाच. जुन्या हॉटेलांत ती कधीकधी आतल्या बोळात उघडते, मग दिवसा दिवा लावून बसावं लागतं.

रात्रीच्या बसनं जाणाऱ्यांची एक खास चूक होते. साल्व्हादोर शहरातून शापादा जियामांचीनाच्या डोंगरातल्या लेंसोइस गावाला जाणारी रात्रीची बस पहाटे पोचते, आणि खोली मिळते दुपारी दोनला. पहाटे पाचला बंद दाराची बेल वाजवण्यापेक्षा आदल्या दिवशी मेसेज करून सांगून ठेवा. खोली रिकामी असेल तर पुष्कळदा तशीच देतात, नाहीतर सामान ठेवून घेतात आणि थोडे पैसे घेऊन न्याहारी वाढतात.

शॉवरशी गाठ

आता सगळ्यात जास्त तक्रारी जिथून येतात तिथं येऊ. बहुतेक साध्या हॉटेलांत गीझर नसतो. नळाच्या टोकाला प्लास्टिकचा एक मोठा गोल शॉवर असतो, त्यातच विजेची कॉइल बसवलेली असते, आणि त्यातून बाहेर आलेल्या वायरी भिंतीत गेलेल्या दिसतात. हाच ‘शुवेरो’. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच.

एकदा ऑगस्टमध्ये माझ्याबरोबर एक काका होते. साखर कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस. दक्षिण गोलार्धातला हिवाळा, पहाटे चांगलीच थंडी. दोन दिवस काकांनी गार पाण्यानं अंघोळ केली आणि कुणाला काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना शिंका सुरू झाल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीत जाऊन बघितलं. शॉवरवरचा खटका ‘देस्लिगादो’वर होता, म्हणजे बंद. मी तो फिरवला, नळ पूर्ण सोडला, आतून बारीक गुणगुण ऐकू आली, आणि काकांच्या हातावर कोमट पाणी पडलं. ते म्हणाले, “अरे, हे तर वाहत्या पाण्यावरच तापतंय.” नेमकं तेच.

या शॉवरमध्ये पाणी साठत नाही. साधारण ५,५०० वॅटची कॉइल जाता जाता पाणी तापवते. पाण्याचा दाब आतला पडदा ढकलतो, तेव्हाच वीज जोडली जाते. म्हणून नळ अगदी बारीक ठेवला तर दाब पुरत नाही आणि पाणी गार राहतं. नळ भसकन सोडला तर पाणी भरभर निघून जातं आणि जेमतेम कोमट होतं. आधी पूर्ण सोडा, गुणगुण सुरू झाली की हळूहळू कमी करत या. जितकं कमी तितकं गरम, आणि हवं तसं झालं की थांबा. खटक्यावर ‘वेरांव’ म्हणजे उन्हाळा, कमी ताप. ‘इन्व्हेर्नो’ म्हणजे हिवाळा, जास्त ताप. खटका फिरवायचा असेल तर आधी नळ बंद करायचा. पाणी चालू असताना आणि हात ओले असताना तो फिरवू नका.

एवढं करूनही पाणी गारच असेल तर फ्यूजच्या पेटीतला खटका पडलाय का ते काउंटरवर विचारा. तोही ठीक असेल तर कॉइल जळाली आहे. तिथं ही रोजची गोष्ट आहे. कॉइल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि मालक ती थोड्या वेळात बदलून देतो. “ओ शुवेरो नांव एस्केंता” एवढं म्हणा, शॉवर गरम होत नाही.

पण नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर ते चालवून घेऊ नका. अर्थिंग नीट नाही असा त्याचा अर्थ. पाण्यातून बाहेर या, सांगा आणि खोली बदलून मागा. इथं भीड बाळगू नका.

घरचा कुकर आणि तिथली वीज

ब्राझीलमध्ये सगळीकडे एकच व्होल्टेज नाही. साओ पाउलो, मिनास जेराइस आणि रिओ या राज्यांत साधारण १२७ व्होल्ट. ब्राझिलिया, गोयास, सांता कातारिना, पेर्नांबुको, सियारा इथं २२०. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हींवर चालतात. घरून नेलेला खिचडीचा छोटा इलेक्ट्रिक कुकर मात्र १२७ वर फसतो. व्होल्टेज जवळपास निम्म्यावर आलं की उष्णता निम्मी होत नाही, ती तिसऱ्या हिश्शाहून कमी होते. ६०० वॅटचा कुकर जेमतेम १८० वॅटचं काम करतो. उबेराबात मी दीड तास झाकण उघडून बघत बसलो होतो, तांदूळ नुसते फुगले. उलट फसगत जास्त वाईट: साओ पाउलोत १२७ ची किटली विकत घेऊन ती २२० च्या गावात लावली तर जळते. आणि खोलीत स्वयंपाक केलेला बऱ्याच हॉटेलांना चालत नाही, हेही आधी विचारून घ्यावं.

आपली तीन जाड दांड्यांची पिन तिथल्या बोर्डात जात नाही. दोन बारीक गोल दांड्यांची मोबाइलची पिन बहुतेक ठिकाणी बसते. लॅपटॉपसाठी अडॅप्टर न्या.

संडासात कागद टाकू नका, शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाका. नळ्या अरुंद असतात आणि तुंबलं की सगळ्यांनाच त्रास. बऱ्याच ठिकाणी हँडशॉवर असतो, नसला तर बादली मागा. तिथं तिला ‘बाल्जी’ म्हणतात. आपली बादली पोर्तुगीजांकडूनच आली, तशीच चावीसुद्धा. काउंटरवर ‘शावी’ म्हटलं की किल्ली हातात पडते.

पैसे आणि पाव

ब्राझीलमध्ये २०२० पासून ‘पीक्स’ आहे, आपल्या यूपीआयसारखं, आणि छोटे मालक आगाऊ अर्धी रक्कम त्यावरच मागतात. ब्राझीलचं बँक खातं नसलेल्या पाहुण्याला ते सहसा जमत नाही. गप्प बसू नका, नाहीतर बुकिंग झालं असं तुम्ही समजता आणि मालक पैशांची वाट बघत राहतो. परदेशी आहे, पोचल्यावर रोख किंवा कार्डानं देतो, असं लिहून पाठवा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘सीपीएफ’ क्रमांक मागतील. तो तिथल्या करदात्याचा क्रमांक आहे, त्याऐवजी पासपोर्ट दाखवा. कार्ड देताना ‘देबितो की क्रेदितो’ विचारतात. आपलं परदेशातलं कार्ड बहुधा ‘क्रेदितो’वरच चालतं. शनिवारी गावात पोचणार असाल तर रोख रक्कम मोठ्या शहरातूनच काढून न्या.

न्याहारीला ‘काफे दा मान्या’ म्हणतात. ताजा पाव, चीजचे गोल ‘पांव जी केजो’, मक्याचा केक, पपई, आणि थर्मासमधली कॉफी, जी पुष्कळदा आधीच गोड केलेली असते. शाकाहारी माणसानं ‘सें कार्नी’, म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं तरी पावात हॅम येऊ शकतो, कारण कार्नी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गोमांस असतं. चिकन, मासे, हॅम नको, अशी एकेक नावं घेऊन सांगा. आदल्या रात्री सांगून ठेवलं की सकाळी काउंटरवरच्या ताई ताटलीवर झाकण घालून अंडी किंवा भाजलेलं चीज बाजूला ठेवतात. मला हे तीन वेगवेगळ्या गावांत मिळालं आहे.

खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं पाणी फुकट नसतं. निघताना कुणीतरी जाऊन फ्रिज बघून येतं, तोवर पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, तेव्हा बसच्या वेळेला लागून निघू नका. आणि लाकडी ठोकळा बांधलेली ती किल्ली खिशात घालून फिरायला जाऊ नका, बाहेर पडताना काउंटरवर ठेवा. दुसरी किल्ली असेलच असं नाही, आणि खोली झाडायला येणारीही तीच वापरते.