रील पोहोचत नाही? छोट्या इन्स्टाग्राम खात्यांनी या चुका टाळाव्यात

हजार-दीड हजार फॉलोअर असलेल्या मराठी इन्स्टाग्राम खात्याची वाढ खुंटली की पहिला संशय ‘शॅडोबॅन’वर, म्हणजे इन्स्टाग्रामने न कळवता खात्याची पोहोच दाबल्यावर, घेतला जातो. त्यात तथ्य आहे की नाही, हे लगेच तपासता येते. सेटिंग्जमधील ‘अकाउंट स्टेटस’ उघडल्यास, आपल्या पोस्ट फॉलोअर नसलेल्यांना सुचवल्या जाण्यास पात्र आहेत का, हे तेथे दिसते. तेथे सर्व ठीक असेल, आणि बहुधा ते असतेच, तर दोष रीलमध्ये किंवा आपण जमवलेल्या प्रेक्षकांत शोधावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भलतेच फॉलोअर गोळा करणे. सह्याद्रीतील किल्ल्यांवर रील करणाऱ्या खात्याने ‘फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा आणि इअरबड्स जिंका’ अशी स्पर्धा ठेवली, तर आकडा झरझर वाढतो. परंतु अशा रीतीने आलेल्यांना राजगडाच्या चढणीशी काहीही देणेघेणे नसते आणि पुढची रील समोर आली की ते ती सरळ सरकवून टाकतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये तीन निकष विशेष महत्त्वाचे म्हणून सांगितले: रील किती वेळ पाहिली जाते, ती जितक्यांपर्यंत पोहोचली त्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात. नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यासाठी यांतील पाठवणे अधिक मोलाचे ठरते. इअरबड्ससाठी आलेला माणूस यांपैकी काहीच करत नाही. बक्षीस द्यायचेच असेल, तर ते हेडटॉर्चसारखे, म्हणजे ट्रेकरलाच हवेसे वाटेल असे असावे. विकत घेतलेल्या फॉलोअरबद्दल वेगळे काही सांगण्याची गरज नाही.

दुसरी चूक रीलच्या सुरुवातीलाच होते. फिरणारा लोगो आणि पाठोपाठ ‘नमस्कार मंडळी, स्वागत आहे तुमचं’ ही लांब व्हिडिओंची सवय येथे घातक ठरते. गुंजवण्याहून चोर दरवाजाने राजगड चढण्याची रील असेल, तर पहिल्याच दृश्यात ती खडी वाट दाखवावी आणि ‘ही वाट लहान मुलांना घेऊन जमेल का?’ हा प्रश्न पडद्यावर मोठ्या अक्षरांत द्यावा. कारण असा प्रश्न पडलेला माणूस रील पूर्ण पाहतो आणि सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. ‘इनसाइट्स’मध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामच्या आकडेवारीच्या विभागात, प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख मिळतो: पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो कोसळत असेल तर सुरुवात बदलावी, मध्येच घसरत असेल तर तेथील ड्रोनचे दृश्य, कितीही देखणे असले तरी, कापावे.

हॅशटॅगांच्या ढिगाने पोहोच वाढत नाही; दोन-तीन नेमके पुरेत. दुसऱ्या अ‍ॅपचा वॉटरमार्क (व्हिडिओवर उमटलेले त्या अ‍ॅपचे चिन्ह) असलेली रील इन्स्टाग्राम कमी सुचवते, त्यामुळे मूळ फाइलच चढवावी.

कमेंटच्या बाबतीत मात्र अनेक जण आळस करतात. ‘पायथ्याला गाडी लावायला जागा आहे का?’ या प्रश्नाला हात जोडल्याची इमोजी हे उत्तर होत नाही. नीट उत्तर द्यावे आणि तोच प्रश्न वारंवार येत असेल, तर त्या कमेंटला रीलनेच उत्तर देण्याची सोय वापरावी. पुढच्या रीलचा विषय असा आयता मिळत असताना ट्रेंडिंग गाण्यांच्या मागे का धावावे, हे कळत नाही.

खाते थोडे नावारूपाला आले की जाहिरातीसाठी ब्रँडचे संदेश येऊ लागतात आणि तेथे होणारी चूक कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरात असल्याचे लेबल हॅशटॅगांच्या गर्दीत लपवता येत नाही, आणि 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते किमान 3 सेकंद दिसावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे घेतले नाहीत म्हणून लेबल लागत नाही, हा समजही चुकीचा आहे. फुकट मिळालेली सॅक किंवा कॅम्पवरचा मोफत मुक्काम हेही मोबदल्यातच मोडते.