डी२ म्हणजेच एसकेडी११? जवळपास, पण तंतोतंत नाही

ड्रॉइंगवर एका देशाचा ग्रेड (स्टीलच्या प्रकाराचं नाव) आणि हातात दुसऱ्याच देशाचं स्टील, हे टूलरूममध्ये नेहमीचंच. डाय-पंच बनवायच्या टूल स्टीलचे अमेरिकी डी२, जर्मन १.२३७९ आणि जपानी एसकेडी११ हे ग्रेड समतुल्य ग्रेडच्या तक्त्यात एकाच ओळीत असतात. तिघांतही कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम साधारण १२ टक्के. झीज कमी करणारं व्हॅनेडियम मात्र बघा: १.२३७९ मध्ये ०.७ ते १ टक्का, एसकेडी११ मध्ये ०.२ ते ०.५. दीर्घकाळ चालणाऱ्या ब्लँकिंग पंचाच्या (पत्र्यातून तुकडा कापणाऱ्या पंचाच्या) धारेला हा फरक जाणवू शकतो. म्हणून ऑर्डर देताना नुसतं ‘समतुल्य चालेल’ लिहू नका. टेस्ट सर्टिफिकेट मागवून टक्केवारी ताडून घ्या.

गरम कामाच्या डायचं अमेरिकी टूल स्टील एच१३ म्हणजे जर्मन १.२३४४, जपानीत एसकेडी६१. शेजारचा १.२३४३ म्हणजे एच११, व्हॅनेडियम निम्म्याहून कमी. शेवटच्या एका आकड्याचा खेळ, आणि घाईत नेमका तोच चुकतो!

सगळ्यात महागात पडते ती डी२ आणि डी३ ची गल्लत. डी३ (१.२०८०) मध्ये कार्बन दोन टक्क्यांच्या आसपास आणि तो कडक करायला सहसा तापवून तेलात विझवतात (झटकन थंड करतात), डी२ हवेतच कडक होतो. त्यामुळे हीट ट्रीटमेंटच्या चलनावर ड्रॉइंगवरचा ग्रेड नको, प्रत्यक्ष आलेल्या स्टीलचा लिहा.